पिशवी काढायची घाई नको, आधी नीट बघू तर द्या

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझं वय ४१, राहणार मानेवाडा, नागपूर. मुलगा बारावीत, मुलगी १३ वर्षांची. पाच-सहा महिन्यांपासून पाळी नसताना मधूनच डाग लागतात, आणि संबंधानंतर दोन-तीनदा रक्त दिसलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथे पॅप तपासणी केली, तर रिपोर्टवर 'एलएसआयएल' असं आलं. डॉक्टर म्हणाल्या, कॉल्पोस्कोपी करून घ्या, गरज पडली तर तुकडा घेऊ. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला विचारायचं होतं ते तोंडातच राहिलं. घरी जाऊबाई म्हणतात, "आत दुर्बीण घालतील, तुकडा काढतील, अन् तुकड्याला हात लावला का कॅन्सर पसरते. त्यापेक्षा पिशवीच काढून टाक ना, लेकरं तर झाली!" सासूबाई म्हणतात, "अंगावरून तर सगळ्याच बायांच्या जाते वं, काही नाही होत." नेटवर वाचलं की हे एका विषाणूमुळे होतं आणि तो विषाणू संबंधांतून येतो. तेव्हापासून नवऱ्याला काय सांगावं ते कळत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दलही मनात नाही नाही ते येतं. ही तपासणी नक्की काय असते? भूल देतात का? दुखतं का? एकटी गेले तर चालेल का? आणि मुलीला त्या विषाणूवरची लस द्यावी का? कृपया नाव छापू नका.

उत्तर :

ताई, आधी तुमच्या रिपोर्टबद्दल बोलू, कारण झोप त्यानेच उडवलेली दिसते. एलएसआयएल म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींत सौम्य बदल दिसले. हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही. बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या संसर्गामुळे असे बदल दिसतात आणि बहुतेक जणींचं शरीर हा संसर्ग साधारण दोनेक वर्षांत आपणहून निस्तरून टाकतं. थोड्या जणींमध्ये मात्र तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, पेशी हळूहळू बिघडत जातात, आणि त्याचा कॅन्सर व्हायचाच झाला तर साधारण १० ते २० वर्षं जातात. तेव्हा रात्री उठून रडण्यासारखं काही झालेलं नाही. मुलाची बारावी होऊ दे, मग बघू, असंही मात्र म्हणायचं नाही. संबंधानंतर रक्त जाणं ही तक्रार अशी आहे की पॅप अगदी चांगली आली असती तरी मी तुम्हाला गर्भाशयाचं तोंड नीट बघून घ्या असंच सांगितलं असतं. पुढच्या पाळीनंतरची तारीख घ्या.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी बरोबर आहे. ती समजावून सांगायला त्यांना वेळ झाला नाही, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या ओपीड्यांत हे रोज होतं आणि ते चांगलं नाही.

पॅपमध्ये तोंडावरच्या पेशी ब्रशने खरवडून काचपट्टीवर किंवा एका द्रवात घेतात आणि लॅबमध्ये बघतात. त्या पेशी सुट्या झालेल्या असतात. त्यामुळे कुठेतरी काहीतरी बदललंय एवढं कळतं. नक्की कुठे आणि किती खोल, हे कळत नाही. ती जागा शोधायला कॉल्पोस्कोपी आणि त्या जागी नेमकं काय आहे हे ठरवायला बायोप्सी, म्हणजे तुकडा घेऊन तपासणं. ही पायरी ओलांडून कोणी थेट उपचाराचं बोलू लागलं तर तिथे थांबायचं. त्यावर पुढे बोलतेच.

आता जाऊबाईंची दुर्बीण. ती आत जातच नाही! कॉल्पोस्कोप हे स्टँडवर बसवलेलं, दोन्ही डोळ्यांनी बघायचं भिंग आहे, त्याला झगझगीत दिवा असतो, आणि ते तुमच्या शरीरापासून साधारण वीतभर-दीड वीत लांब, बाहेर उभं असतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी त्याला कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर दिसतं. जाऊबाईंनी ऐकलेलं दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे लॅप्रोस्कोपी. त्यात पोटाला छोटे छेद देतात आणि भूल देतात. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. १९२५ साली जर्मनीतल्या हान्स हिन्सेलमान यांनी पहिला कॉल्पोस्कोप बनवला, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: लांबून, मोठं करून, उजेडात बघणं.

आत जातो तो स्पेक्युलम, तोच जो पॅपच्या वेळी घातला होता. टेबलही तसंच, पाय वर ठेवायचं. फरक इतकाच की पॅप एक-दोन मिनिटांत उरकते आणि इथे दहा ते वीस मिनिटं तसंच पडून राहावं लागतं. खरं सांगू का, बऱ्याच जणींना दुखण्यापेक्षा तसं पडून राहण्याचाच त्रास जास्त होतो.

स्पेक्युलम बसला की डॉक्टर आधी साध्या डोळ्यांनी बघतात, मग सलाइनने पुसून भिंगातून. त्यानंतर कापसाच्या बोळ्याने ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावतात. हे म्हणजे पातळ व्हिनेगरच, वासावरूनच ओळखाल. थोडी चुणचुण होते. मिनिटभर थांबायचं असतं, घाई केली तर काही दिसत नाही. निरोगी तोंड गुलाबीच राहतं; जिथल्या पेशी बदललेल्या आहेत तिथे पांढरा डाग उमटतो. डाग किती दाट, कडा रेखीव की पुसट, किती वेळ टिकतो, हे सगळं बघायचं असतं. मग हिरवा फिल्टर लावून रक्तवाहिन्यांची नक्षी बघतात. पडद्यावर पांढरं दिसलं म्हणून तिथेच घाबरू नका. जुनी सूज भरून येत असेल किंवा नवी त्वचा तयार होत असेल तरी ती पांढरी दिसते. पांढरा प्रत्येक डाग रोगाचा नसतो, आणि त्या दोन्हींतला फरक ओळखायलाच सरावलेली नजर लागते.

शेवटी बहुतेक जण आयोडीन लावतात. निरोगी पेशींत ग्लायकोजेन भरपूर असतं, त्या गडद तपकिरी होतात. बदललेली जागा पिवळट राहते. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. घरी गेल्यावर पॅडवर पिवळे-तपकिरी डाग दिसतील, ते त्याचेच.

संशयाची जागा दिसली तर तिथून चिमट्यासारख्या हत्याराने तुकडा घेतात, तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो तो. कधी एक, कधी दोन-तीन. यासाठी बेशुद्ध करत नाहीत. काही डॉक्टर जागेवरच बधिर करायचं इंजेक्शन देतात, बरेच देत नाहीत, कारण त्या भागाला कापल्याची जाणीव फार कमी असते. चिमटा बसल्यासारखं वाटतं आणि पाळीच्या पहिल्या दिवसासारखी एक कळ येते. कोणाला काहीच वाटत नाही, कोणाला चांगलंच दुखतं. तुम्हाला पाळीत फार दुखत असेल तर तासभर आधी दुखण्याची गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना फोनवर विचारून घ्या. आणि टेबलावर असताना "थांबा" म्हणायचा हक्क तुमचा आहे. म्हटलं की थांबतात.

तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. जाऊबाईंना हे माझ्या नावाने सांगा. ही भीती इतकी मुरलेली आहे की शिकलेल्या बायकाही बायोप्सीचा कागद पर्समध्ये घालून महिनोन्‌महिने फिरतात. तुकडा न घेता तिथे काय आहे हे कोणीही, कितीही मोठी डिग्री असली तरी, छातीठोक सांगू शकत नाही.

पिशवीचं मला जरा जास्त बोलायचंय. आपल्याकडे लेकरं झाली की पिशवी म्हणजे अडगळ, असाच हिशेब असतो. पांढरं जातं, काढा. पाळी जास्त जाते, काढा. पॅप बिघडली, काढा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या इतक्या पिशव्या काढल्या गेल्या की २०१९ साली सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्या बायका मजुरी बुडू नये म्हणून ऑपरेशनला तयार झाल्या होत्या. तुम्हाला तशी मजबुरी नाही, मग घाई कशाची?

एलएसआयएलवर पिशवी काढणं हा उपचारच नाही. समजा बायोप्सीत बदल सौम्य निघाले, ज्याला सीआयएन १ म्हणतात, तर बहुतेक वेळा फक्त लक्ष ठेवायचं आणि डॉक्टर सांगतील तशी, साधारण वर्षभराने, पुन्हा तपासणी करायची. सीआयएन २ किंवा ३ निघालं तर तेवढाच बिघडलेला भाग काढतात किंवा नष्ट करतात: कधी विजेच्या तारेच्या वेढ्याने, त्याला लीप म्हणतात, कधी गोठवून, कधी उष्णतेने. लीप बहुतेक वेळा जागा बधिर करून होते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. पिशवी जागच्या जागी राहते, पाळी चालू राहते.

आणि समजा, अगदी वाईटात वाईट, आत कुठे लपलेला कॅन्सर असलाच? तर बायोप्सी न करता साधं पिशवीचं ऑपरेशन करून बसणं हीच सगळ्यात मोठी चूक ठरते. कॅन्सर असेल तर ऑपरेशन वेगळ्या पद्धतीचं, जास्त मोठं लागतं किंवा ऑपरेशनऐवजी रेडिएशन लागतं. आधी साधं ऑपरेशन होऊन गेलेलं असलं की पुढचा सगळा उपचार अवघड होतो. अशा बायका उशिराने तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलसारख्या ठिकाणी पोचतात आणि तिथले डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "आधीची बायोप्सी कुठाय?" म्हणून रिपोर्ट हातात येईपर्यंत पिशवीचा विषय घरात काढू देऊ नका. रिपोर्ट आल्यावरही कोणी ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. पांढरं जाणं बऱ्याच जणींना असतं आणि दर वेळी ते आजाराचं नसतं. पण तुमची तक्रार पांढऱ्याची नाहीच, रक्ताची आहे. त्याची कारणं साधीही असू शकतात: जंतुसंसर्ग, तोंडावरचा छोटा कोंब, तोंडाच्या आतली नाजूक त्वचा बाहेर आलेली असणं. पाळीच्या मधे डाग लागतात त्यासाठी तुमच्या वयाला पिशवीच्या अस्तराचीही तपासणी लागू शकते. सोनोग्राफी झाली नसेल तर विचारा. आणि सासूबाईंनाही हळूच विचारून ठेवा: पाळी जाऊन वर्षं झाल्यावर पुन्हा कधी डाग दिसला आहे का? दिसला असेल तर "काही नाही होत" चालणार नाही, त्यांनाही दाखवायचं.

आता नवऱ्याचं. तुम्ही हा प्रश्न मधेच, एका वाक्यात लिहिला आहे, पण मला वाटतं तोच सगळ्यात जड आहे.

एचपीव्ही संबंधांतून येतो हे खरं. त्यावरून तुमच्या नवऱ्याने बाहेर काही केलं, असं मात्र अजिबात सिद्ध होत नाही. हा विषाणू इतका सर्रास आहे की वैवाहिक आयुष्य असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतोच, आणि बहुतेकांना कळतही नाही. तो शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. आज रिपोर्टमध्ये दिसलेला संसर्ग मागच्या वर्षीचा की लग्नाच्या पहिल्या वर्षीचा, लग्नाआधीचा की नंतरचा, त्यांच्याकडून तुम्हाला की तुमच्याकडून त्यांना, हे सांगणारी कोणतीही तपासणी नाही. ज्याचा पुरावाच निघू शकत नाही त्यावर घरात खटला चालवू नका. उलट दिशेनेही हे लागू आहे: उद्या ते तुमच्याकडे संशयाने बघू लागले तर हाच परिच्छेद त्यांच्यासमोर ठेवा. पुरुषांसाठी याची नेहमीची तपासणी नसते, त्यांना औषध लागत नाही, आणि तुमच्या रिपोर्टमुळे एका ताटात जेवणं, एका बेडवर झोपणं यात काही बदलत नाही. कंडोममुळे धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण हा विषाणू त्वचेला त्वचा लागूनही जातो.

काय सांगावं? जेवढं आहे तेवढंच. "पिशवीच्या तोंडाला थोडा बदल आहे, कॅन्सर नाही, भिंगातून बघणार आहेत, तुम्ही चला सोबत." पुरुषाला काहीतरी काम दिलं की तो बरा वागतो, हा माझा अनुभव आहे. फाइल धरायला द्या.

कारण एकटी गेलात तर चालेल, पण मी एकटीने जाऊ नका असं म्हणेन. तुकडा घेतल्यावर काहींना थोडा वेळ चक्कर येते, आणि तशा अवस्थेत मानेवाडा चौकातल्या गर्दीतून स्कूटी काढत घरी येणं काही बरोबर नाही. नवरा नको असेल तर बहीण, भिशीतली मैत्रीण, कोणीही. आणि उपाशी जाऊ नका. ही तपासणी रिकाम्या पोटी करायची नसते, चक्कर उपाशी बाईलाच जास्त येते. त्या दिवशी चतुर्थी असली तर एकतर तारीख बदला किंवा उपास.

पाळी चालू नसावी. पाळी थांबल्यावरचे दिवस सगळ्यात सोयीचे. आदल्या एक-दोन दिवसांत संबंध नको, योनीत ठेवायच्या गोळ्या-क्रीम नको, आतून धुणं नको. आतून धुणं तर एरवीही नकोच. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, दिवस राहिल्याची थोडीही शंका असेल, तर आधी सांगा. दिवस राहिलेले असतानाही कॉल्पोस्कोपी करता येते, पण तुकडा शक्यतो टाळतात, म्हणून हे त्यांना माहीत असायला हवं. सैल सलवार-कुर्ता किंवा साडी घाला, एक पॅड सोबत न्या. डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत सिस्टर असलीच पाहिजे, नसेल तर मागा. खर्च परवडत नसेल तर नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांत, म्हणजे मेडिकल, मेयो किंवा एम्सच्या स्त्रीरोग ओपीडीत आधी चौकशी करा. तिथे शिकणारे डॉक्टरही बघायला उभे राहू शकतात. नको वाटलं तर तसं सांगायला संकोच करू नका.

टेबलावरून उठल्यावर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: "बाहेरची आणि आतली त्वचा जिथे मिळते, ती रेष पूर्ण दिसली का?" बदल बहुतेक तिथेच सुरू होतात. वय वाढत जातं तशी ती रेष आत सरकते आणि कधीकधी पूर्ण दिसत नाही. नसेल दिसली तर आतूनही नमुना घ्यावा लागू शकतो, आणि नुसतं "सगळं ठीक आहे" या उत्तरावर घरी यायचं नाही.

बायोप्सी झाली तर आपल्याकडे एक गंमत होते: तुकड्याची बाटली बऱ्याचदा नातेवाइकाच्याच हातात देऊन लॅबला पाठवतात. ती घेताना लेबल वाचा. तुमचं पूर्ण नाव, वय, तारीख आणि तुकडा कुठला हे लिहिलेलं हवं. एकाहून जास्त तुकडे असतील तर कोणता कुठला तेही. आतलं पाणी म्हणजे फॉर्मेलिन आहे, ते ओतायचं नाही, त्यात दुसरं काही घालायचं नाही, झाकण घट्ट आहे ना ते बघायचं. सोबतचा फॉर्म हरवला तर लॅबवाल्याला काहीच कळत नाही. बाटली दोन दिवस टीव्हीवर ठेवून "वेळच नाही मिळाला" असं सांगणारे नवरे मी पाहिले आहेत. त्याच दिवशी पोचवायला लावा. पावतीचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

नंतर दोन-चार दिवस थोडे डाग लागतील. रक्त थांबवायला एक पेस्ट लावतात, तिच्यामुळे काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी बाहेर येतं. बघून बायका घाबरतात, पण ते औषधच असतं. साधारण आठवडाभर संबंध नको, टॅम्पॉन नको, पोहणं नको. अंघोळ, स्वयंपाक, ऑफिस चालेल. पॅड तासाभरात पूर्ण भिजू लागला, ताप आला, घाण वास येऊ लागला किंवा ओटीपोटात सतत जोरात दुखू लागलं, तर रिपोर्टच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

मुलीबद्दल: हो, एचपीव्हीची लस द्या, आणि याच वर्षी. ९ ते १४ या वयात दिली तर दोन डोस पुरतात, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरा पूर्ण झाली की तीन लागतात. तेव्हा उगाच वेळ घालवू नका. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस २०२२ मध्ये मंजूर झाली. ती विषाणूच्या चार प्रकारांवर चालते, त्यात १६ आणि १८ आहेत, आणि गर्भाशयमुखाचे साधारण ७० टक्के कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात. लस आधीपासून असलेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून ती लग्नाच्या खूप आधी, शाळेच्या वयातच द्यायची. "एवढ्या लहान पोरीला कशाला" असं घरात कोणी म्हटलं तर हेच कारण सांगा. पाळी सुरू झाली असो वा नसो, फरक पडत नाही. मोठी झाल्यावर ३० नंतर तिलाही तपासणी करावीच लागेल, लस घेतली म्हणून ती टळत नाही. सुई दंडात बसते, थोडं दुखतं. या वयाच्या मुलींना इंजेक्शनच्या धसक्याने चक्कर येते, म्हणून पोटभर खाऊ घालून न्या आणि सुई झाल्यावर पंधरा मिनिटं दवाखान्यातच बसवून ठेवा.